खडू, जमिनीवरून

वकीलबाईंच्या काळ्या कोटावर पांढरे केस होते. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. "घरी मांजर आहे वाटतं?"
"घोडा आहे, महोदय."
सगळं कोर्ट हसलं. वकीलबाई हसल्या नाहीत. त्यांनी एक केस कोटावरून उचलला आणि पाकिटात ठेवला.

*

मागच्या दाराबाहेर बुटांचे तीन जोड. तिन्ही वकीलबाईंच्या भाचीचे, मुंगीचे, तिन्ही याच वर्षातले. पहिल्यात आता कोंबडी अंडं घालते.

*

दातांच्या दवाखान्यात एक पेशंट आ वासून पडला आहे. डॉक्टर खिडकीबाहेर बघत विचारतो, "तुम्ही कधी असं काही विकलंय, जे विकायचं नव्हतं?" पेशंट तोंडातल्या नळीसकट काहीतरी सांगतो. बराच वेळ सांगतो. डॉक्टर मान डोलावतो.

*

आजोबा आता नाल ठोकत नाहीत. पण कुठल्याही खोलीत शिरले की आधी सगळ्यांच्या पायांकडे बघतात, तोंडं नंतर.

*

खडू, तबेल्यातलं पांढरं तट्टू, डावा पाय मागायच्या आधीच उचलतो. फक्त माझ्यासाठी, असं मुंगी सांगते.

*

स्वयंपाकघरात चमच्यांच्या खणात चामड्याला भोकं पाडायची पक्कड पडली आहे. तिची जागा तबेल्यातल्या हत्यारांच्या पेटीत. ती इथे कशी आली, हे कुणी विचारत नाही. विचारणाऱ्यालाच उत्तर द्यावं लागेल अशी भीती.

*

समुद्रावरून फोनवर एक वाक्य निघालं आणि वाटेत फुटलं. "तुम्ही सगळे ठरवाल ते बरोबरच, फक्त एक लक्षात..." मुंगीचे बाबा जहाजावर यंत्रं सांभाळतात. काय लक्षात ठेवायचं ते लाटांनी खाल्लं.

*

शनिवारी दुपारी पाचही जण स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसले तेव्हा पहिली अडचण मुंगीच्या गुडघ्यांची आली. ते टेबलाखाली मावेनात. तिने ते आधी सरळ ढकलले, मग तिरके केले, शेवटी खुर्चीच मागे घेतली आणि सगळ्यांपासून हातभर लांब बसली.

"उद्या सकाळी बघायला येतायत," मामाने जाहीर केलं.

"कोण?" आईने विचारलं. तिला माहीत होतं.

"ती बस चालवणारी बाई. मुलगी आठची आहे. दोन वर्षं दुसऱ्यांच्या तट्टांवर बसतेय, हात हलका आहे, मी स्वतः बघितलंय. ताई, असं माणूस पुन्हा येणार नाही."

"आणि तू त्यांना 'या' म्हणालास. आम्हाला न विचारता," वकीलबाई म्हणाल्या. त्या तिघा भावंडांत थोरल्या. घरात त्यांना मावशी म्हणणारी एकटी मुंगी, बाकी दोघांची अक्का. "संमती कुणाची घेतलीस?"

"बघायला या म्हणालो. घेऊन जा म्हणालो नाही."

"दातांच्या डॉक्टरची भाषा ही. फक्त बघतो म्हणायचं आणि उपटायचं."

मामा हसला नाही. तो शेंडेफळ, पण आज सकाळपासून घरातला सगळ्यात म्हातारा माणूस असल्यासारखा वागत होता. "त्याचे दात मी काल पुन्हा बघितले. चौदा वर्षं पूर्ण. आत्ता तो जे काही आहे ना, ते तो यापुढे असणार नाही. आज दिला तर त्या पोरीला चार वर्षं मिळतील. दोन वर्षांनी दिला तर तिला एक म्हातारं जनावर मिळेल, आणि त्याला एक वैतागलेली पोरगी."

"दोन वर्षं कोण मागतंय? मी उड्यांच्या स्पर्धेच्या फायनलपर्यंत मागतेय," वकीलबाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी अडथळ्यावरून पडलेल्या एका दांडीने पहिला नंबर गेला. एका! पुढच्या वर्षी ही मोठ्यांच्या गटात जाणार, तिथे पोनी चालत नाही. म्हणजे ही शेवटची संधी. तिचीही, त्याचीही. हंगाम संपेपर्यंत थांबा, मग विका. माझी हरकत नाही."

"मला विकायचाच नाहीये," आई म्हणाली.

तबेला आई चालवत होती. त्यामुळे तिचं मत वजनदार होतं. पण ते ज्या आवाजात आलं तो तबेला चालवणाऱ्या बाईचा आवाज नव्हता.

"मागच्या कुरणात राहील. एक तोंड जास्त झालं म्हणून काही बिघडत नाही."

"ताई, मुंगीचा हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा आठवतंय? महिनाभर काम नव्हतं त्याला. फाटकाची वरची फळी पूर्ण खाल्ली होती त्याने. दुसऱ्या घोड्यांना गाडीत चढवताना बघितलं की हा कुंपणाच्या कडेकडेने पळायचा. घाम फुटेपर्यंत. त्याला मैदान लागतं."

"तुला कसं माहीत त्याला काय लागतं?"

"फळी मी बदलली, म्हणून."

आजोबा टेबलाच्या टोकाला बसले होते. ते टेबलाखाली बघत होते.

*

(नियम आजोबांचा. तो कुठे लिहिलेला नाही, पण या घरातली दोन मुलं त्या नियमाने रडली आहेत. हंगामाच्या सुरुवातीला मूल तट्टावर बसतं, पाय रिकिबीत घालतं, आजोबा बाजूला उकिडवे बसतात आणि एक डोळा मिटून बघतात. टाच तट्टाच्या पोटाच्या रेषेखाली लोंबायला लागली असेल, तर तट्टू पुढच्या मुलाकडे जातं. पुढचं मूल घरात नसेल, तर दुसऱ्याच्या घरात असतं. वकीलबाईंचं तट्टू त्या दहा वर्षांच्या असताना गेलं. आईचं अकराव्या वर्षी. मामा वाढतच नव्हता, त्यामुळे त्याचं तट्टू कंटाळून म्हातारं झालं. हा विनोद घरात अजून चालतो. मुंगी यंदा तेरा वर्षांची झाली, दाराच्या चौकटीला तिचं डोकं लागतं, आणि या हंगामाच्या सुरुवातीला आजोबा उकिडवे बसले, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "बसतंय अजून." कुणीही, एकानेही, "असं कसं?" म्हटलं नाही.)

*

"मग मला एक सांगा," मामा म्हणाला आणि मांडीवर ठेवलेली वस्तू त्याने टेबलावर टाकली. चामड्याचा लांब पट्टा. रिकीब ज्याला लटकते तो. "उद्या लोक येणार म्हणून सकाळी खोगीर साफ करायला घेतलं. या पट्ट्याला दुकानातून आला तेव्हा जेवढी भोकं होती, त्याच्या वर आता चार जास्त आहेत. दुसऱ्या पट्ट्यालाही चार. एवढी वर, की भोकं बक्कलाला भिडायला आलीयत."

कोंबडीचा आवाज आला. अंडं झालं असावं.

वकीलबाईंनी चष्मा लावला. पट्टा उचलला, उजेडाकडे धरला. चारही जास्तीच्या भोकांतून खिडकीचा उजेड त्यांच्या गालावर पडला.

"सगळ्यात खालचं," त्या म्हणाल्या. "गोल, स्वच्छ, कडा दाबलेल्या. पक्कड वापरली आहे. आपल्याकडे एकच पक्कड आहे आणि ती सध्या चमच्यांत राहते."

"एकच पाडलं," आई म्हणाली. "सरावाच्या वेळी पाय जरा लोंबत होता. म्हटलं, एक भोक वर घेतलं तर कुणाचं काय बिघडतंय."

"नियमाचं बिघडतंय. रिकीब वर गेली की टाच वर जाते."

"अक्का, आधी बाकीच्यांचं बघ."

"बघतेय. दुसरं वाकडं आहे. एका बाजूला चीर गेलीय. कुणीतरी घाईत, सुरीने. अवजाराची सवय नसलेल्या माणसाने." त्या थांबल्या. चष्मा पुसला. "हे माझं."

"अक्का!"

"मला वाटलं खालचं आधीपासूनच आहे. मी फक्त एक वाढवलं. फायनलपर्यंत टिकावं म्हणून. पुढे चला. तिसरं. हे बघा, हे तर आतून चकचकीत आहे. पॉलिश केलंय. कडेला धागा नाही, कण नाही. अशी भोकं फक्त एकच माणूस पाडतो आणि तो ती नंतर भरतो."

मामा छताकडे बघत होता.

"दवाखान्यात नेला होतास पट्टा?"

"पेशंट नव्हता तेव्हा."

"आणि तू आत्ता अर्धा तास आम्हाला विका, विका म्हणून डोकं खातोयस!"

"त्यासाठीच खातोय!" मामाचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "भोक पाडलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सराव बघायला आलो. तिचे गुडघे कुठे गेले होते बघितलंस का तू? खोगिराच्या वर. सगळं वजन पुढे, त्याच्या खांद्यावर. आणि तो... तो अडथळ्याच्या लांबूनच उडायला लागला. आधी कसा जवळ जाऊन उडायचा, आठवतंय? आता एक पाऊल अलीकडून. कारण जवळ गेला असता तर ती पुढे फेकली गेली असती. कुणी शिकवलं त्याला? तू शिकवलंस, ताई?"

"नाही."

"मग? आपण एकेक भोक वाढवत होतो आणि तो एकेक भोकाचा हिशेब स्वतः करत होता."

आईने पट्टा हातात घेतला. ती रोज उभी राहून तो सराव बघत होती. तिला वाटत होतं, खडूला हल्ली घाई झालीय. तिने त्याला त्यासाठी दोनदा रागावलंही होतं. "या हंगामात किती दांड्या पडल्या त्याच्याकडून?" तिने विचारलं, तिला माहीत होतं तरी.

"एक पण नाही," मुंगी म्हणाली.

हे तिचं त्या दुपारचं पहिलं वाक्य.

एका जनावराने त्यांना पकडलं होतं आणि पकडून काहीच म्हटलं नव्हतं, फक्त उडी थोडी लांब केली होती. एवढं मोठं काहीतरी आपल्या अंगणात रोज होत होतं, आणि आपण पाण्याच्या बादल्या भरत होतो.

"चौथं राहिलं," आजोबा म्हणाले.

वकीलबाईंनी पट्टा पुन्हा उचलला. चौथ्याच्या कडा काळ्या होत्या. जळलेल्या. तापवलेल्या खिळ्याने आरपार जाळलेलं भोक. नालेचा खिळा. त्यांनी ते बघितलं, मग वडिलांकडे बघितलं, आणि साक्षीदाराला विचारतात तसं विचारता येईना.

"अण्णा, नियम तुमचा आहे."

"म्हणून तर. मोडायचा पहिला हक्क माझाच."

"पहिला नाही, शेवटचा. तुमचं सगळ्यात वर आहे."

"मला उकिडवं बसायला त्रास होतो हल्ली," आजोबा म्हणाले. "म्हटलं, टाच जेवढी वर तेवढं कमी वाकावं लागेल."

मामाला हसू फुटलं. मग आईला. हसता हसता तिने डोळे पदराने पुसले नाहीत, मनगटाने पुसले, आणि मनगटावर पांढरे केस चिकटलेले होते ते डोळ्यांत गेले.

"पाच," मुंगी म्हणाली.

"काय पाच?"

"चार नाही, पाच जण. आजोबा वाकून बघायचे ना, तेव्हा मी टाच वर ओढून धरायचे."

"टाच खाली, टाच खाली म्हणून रोज घसा फोडते मी!" आई म्हणाली.

"रोज खालीच असते. त्या दिवशी वर."

*

संध्याकाळच्या चंदीच्या वेळी आईने तबेल्यात पाणी मारलं, धान्य भिजवलं, घमेली भरली. मुंगी खडूच्या अंगावर खरारा फिरवत होती. गोल, गोल, मग लांब. खाली पांढऱ्या केसांचा थर जमत होता. मुंगीला आता त्याच्या पाठीवर हात टेकवायला टाचा उचलाव्या लागत नव्हत्या. वाकावं लागत होतं.

"याच्या मागच्या बाजूला करडे ठिपके होते ना गं?" आईने विचारलं. "आला तेव्हा?"

"होते. वयाबरोबर पांढरा होत गेला, तसे तिसऱ्या वर्षी गेले."

"कधी गेले, कळलंच नाही."

"मला कळलं. एकेक गेला."

आईने घमेलं ठेवलं. तिला म्हणायचं होतं की मी त्याला ठेवायचा हट्ट करतेय तो त्याच्यासाठी नाही. तो गेला की या तबेल्यात कुणी लहान उरणार नाही. पण हे बोललं तर ते मुंगीच्या डोक्यावर बसणार आणि मुंगीच्या डोक्यावर आधीच चौघं बसले होते. म्हणून ती म्हणाली, "तुला फायनल हवीय का?"

"हो."

"खूप?"

मुंगीने खरारा भिंतीवर आपटून केस झाडले. "मी तिच्यासाठी झोपेत पण मोजते, आई. पावलं. पहिला अडथळा, मग वळण. झोपेत माझं कधीच चुकत नाही."

खडूने डावा पाय उचलला. कुणी मागितला नव्हता. मुंगीने तो हातात घेतला आणि खुरातली माती काढली.

*

बस चालवणारी बाई वेळेवर आली. ती कुठेही वेळेवरच जात असणार. गाडी लावताना तिने आरशात दोन वेळा बघितलं, उतरली, आणि कठड्याशी उभ्या असलेल्या चौघांना बघून थोडी दबकली. "एवढे सगळे विकणारे?"

"कुणीच विकणारा नाही," वकीलबाई म्हणाल्या. "तोच प्रॉब्लेम आहे."

मुलगी गाडीच्या मागून आली. पुढचे दोन दात पडलेले. बोलताना शीळ वाजत होती. मामाने सवयीने तोंडात डोकावून बघितलं आणि म्हणाला, "खालचे येतायत." तेवढ्यावरून तिचं नाव पडलं: दातपडकी. तिने कुणाकडेच बघितलं नाही. ती सरळ खडूकडे गेली आणि त्याच्या खांद्याजवळ उभी राहिली. तिचं डोकं आणि त्याची पाठ एका रेषेत.

खडूने डावा पाय उचलला.

फक्त माझ्यासाठी, असं मुंगी पाच वर्षं सांगत होती. शाळेत, फोनवर बाबांना, न्यायाधीशांना सांगायलाही मावशीला सांगितलं होतं. आणि तो काय, जे कुणी त्या जागी उभं राहील त्याच्यासाठी उचलतो? दातपडकीने खूर हातात धरला, तोल गेला, पुन्हा धरला. खडूने पाय तसाच हवेत ठेवला. तो तिला सापडेपर्यंत.

"ती पडेल का?" बसवाल्या बाईने विचारलं.

"पडेल," आई म्हणाली. "सगळेच पडतात. हा थांबतो. पडलं की जिथे पडलं तिथेच उभा राहतो."

"तुम्ही का विकताय मग?"

आईने मुंगीकडे बोट दाखवलं. बाईने मुंगीला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, आणि तिला दुसरं काही विचारावं लागलं नाही.

दातपडकी वर बसली. तिचे पाय खोगिराच्या दोन्ही बाजूंना लोंबले. मुंगीने पट्टा हातात घेतला आणि बक्कल कुठे लावायचं ते शोधायला लागली. नेहमीच्या भोकांत रिकीब खूप खाली जात होती. पक्कडीच्या भोकात खाली. सुरीच्या वाकड्या भोकात थोडी खाली. मामाच्या चकचकीत भोकात जवळजवळ. मग तिने बक्कलाचा काटा काळ्या, जळलेल्या भोकात घातला, आणि दातपडकीचा पाय रिकिबीत नेमका बसला. टाच खाली. गुडघा जिथे असायला हवा तिथे.

मुंगीने मान वर केली. चौघंही कठड्यावरून बघत होते. त्यांनी ते बघितलं हे तिला कळलं. मामाने तोंड दुसरीकडे वळवलं. आजोबांनी खोकल्यासारखं केलं.

आपण मुंगीला लहान ठेवायला जी भोकं पाडली, ती पुढच्या मुलाच्या मापाची निघाली.

*

आधी चाल. मग दुडकी. मग वर्तुळात हलकी दौड. मुंगी मैदानाच्या मध्ये उभी राहून सूचना देत होती, आईसारख्याच आवाजात. "हात खाली. बघ कुठे जायचंय ते. त्याच्याकडे नको बघूस, पुढे बघ."

छोटे अडथळे झाले. दातपडकी हसत होती आणि हसताना शीळ वाजत होती.

"आता तो मधला," आई कठड्याकडून म्हणाली. मधला म्हणजे फायनलच्या उंचीचा. तो मुंगीसाठी लावलेला होता. काढायचा राहिला होता. किंवा कुणी काढला नव्हता.

"मोठा आहे," बसवाली बाई म्हणाली.

"त्याच्यासाठी नाही."

मुंगी अडथळ्याच्या खांबाशी जाऊन उभी राहिली. दांडी पडली तर उचलायला कुणीतरी तिथे लागतं. तिथे ती आजवर कधी उभी राहिली नव्हती. ती नेहमी दुसऱ्या टोकाला असायची, वर, येत असायची.

आणि मग तो येताना दिसला.

फोनवर तिने शंभरदा बघितलं होतं. पण फोनवर खडू बोटाएवढा असतो, आणि फोनवर ती नेहमी स्वतःकडे बघायची: कोपर बाहेर गेलं का, पाठ वाकली का, टाच. आता वर बघण्यासारखं तिचं काही नव्हतं. फक्त तो होता. त्याचा आवाज तो दिसायच्या आधी मातीतून तिच्या तळपायांत आला. कान पुढे. दोन्ही. इतके पुढे की जणू दांडीला काही विचारायला निघाले होते. वळणानंतर त्याने मान थोडी खाली घेतली, एकदाच, आणि तिला कळलं की तो मोजतोय. तोच मोजतो. झोपेत ती जी पावलं मोजायची ती तिची नव्हतीच. ती त्याने मोजलेली होती आणि पाच वर्षं तिच्या मांड्यांतून वर चढलेली होती.

तो जवळ आला. लांबून उडाला नाही. अगदी जवळ आला, पूर्वीसारखा, आणि मग मागचे पाय एकत्र आले आणि जमिनीने त्याला सोडलं.

एवढा पांढरा तो तिने कधी बघितला नव्हता. पोटाखाली, पायांच्या आत, जिथे खरारा रोज फिरतो आणि डोळे कधीच जात नाहीत. पुढचे गुडघे त्याने छातीशी घेतले होते, लहान मूल थंडीत घेतं तसे. पाठ धनुष्यासारखी. वर ती छोटी, आयाळीत बोटं खुपसून, आणि तिच्यासाठी त्याला काहीही सांभाळावं लागत नव्हतं. हवेत कसलाच आवाज नव्हता. खूर नाही, श्वास नाही, चामडं नाही. त्या आवाज नसलेल्या जागेत तो होता तितकाच, पूर्ण, आणि तिला वाटलं की एवढ्या मोठ्या गोष्टीवर मी पाच वर्षं बसून होते आणि मला ती दिसली नाही.

मग माती. धप्प. धप्प. श्वास. शीळ.

दांडी हललीसुद्धा नव्हती.

*

"मुंगी?" आई कठड्यावरून वाकून म्हणाली. "काय सांगायचं त्यांना? फायनल झाल्यावर न्या म्हणू?"

मुंगी खांबाला धरून उभी होती.

"अगं, बोल काहीतरी. तू सांगशील तेच. अक्का, तू मध्ये बोलू नकोस."

"मी काही बोलले का?"

"बोलणार होतीस."

"आई," मुंगी म्हणाली, "तू मला कधी सांगितलं का नाहीस?"

"काय?"

"की तो असा दिसतो."

आई रोज बघत होती. रोज बघणाऱ्याला सांगायचं सुचत नाही.

"आत्ता," मुंगी म्हणाली. "आत्ताच न्या. फायनल ही करेल."

"बाळा, तुला हवी होती ना? रात्रंदिवस..." वकीलबाईंना राहवलं नाही. "मागच्या वर्षीची ती एक दांडी..."

"हवीय. अजून पण हवीय, मावशी." तिचा आवाज फाटला, आणि तिने तो पुन्हा जोडला. "पण माझ्याबरोबर तो लांबून उडतो. हिच्याबरोबर बघितलंस ना? मला फायनल बघायचीय. त्याची. इथून, खालून."

मामाने जे मागितलं होतं तेच मिळालं होतं, आणि जिंकलेल्या माणसाचं तोंड कसं करायचं ते त्याला आठवत नव्हतं.

"पट्टे त्याच्याबरोबर जातील," आजोबा म्हणाले. "नवे घेऊ नका. आहेत तेच मापाचे आहेत."

बसवाली बाई सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होती. रस्ता चुकला की नाही हे ठरवताना ड्रायव्हर बघतात तसं. "म्हणजे... हो म्हणायचं का मी?"

"म्हणा," आई म्हणाली. तिने ते पटकन म्हटलं, आणि म्हटल्यावर कठडा दोन्ही हातांनी धरला.

दातपडकी वर्तुळ पूर्ण करून आली. लगाम सैल, गाल लाल. "झालं?"

"नाही," मुंगी म्हणाली. ती खांबापासून मागे सरली, अजून मागे, जिथून सगळंच दिसेल तिथपर्यंत. "परत घे. तोच. घाई करू नकोस. त्याला मोजू दे."

पांढरं तट्टू वळलं. कान पुढे झाले. वळण आलं, मान एकदा खाली गेली, आणि तो जवळ आला, जवळ, अजून जवळ. तो उडाला त्या क्षणी कठड्याशी उभ्या असलेल्या सगळ्यांच्या आणि मैदानातल्या त्या उंच मुलीच्या टाचा जमिनीवरून आपोआप उचलल्या गेल्या. आजोबा आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्याच पायांकडे बघत नव्हते. त्यामुळे ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

जन्मला तेव्हा खडू काळा होता.